येनात अडकलेला सिंह

आमच्या ह्यांना नाचता येत नाही. एकतीस वर्षं ब्राउनश्वाइगच्या स्क्वेअर डान्स क्लबचे कॉलर आहेत. कॉलर म्हणजे स्टेजवर माइक घेऊन ‘आता डावीकडे वळा, आता जोडीदार बदला’ अशा हाका देणारा माणूस. ह्यांच्या हाकांवर आजवर हजारेक जर्मन माणसं घाम फुटेस्तोवर नाचली असतील. पण स्वतः? लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. हे मी त्यांच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते. ते ‘सुधा, पुरे’ म्हणतात आणि चहा पितात.

ज्यांना हा नाच माहीत नाही त्यांना सांगते. चौकोनाच्या चार बाजूंना चार जोड्या, मिळून आठ माणसं. सात चालत नाहीत, नऊही चालत नाहीत. पुढे काय करायचं ते आधी कुणालाच ठाऊक नसतं, कॉलर जे म्हणेल ते करायचं. हाका जगभर इंग्रजीतच असतात. माणसं आपला जोडीदार सोडून भलत्याचाच हात धरतात, रांगा करतात, मोडतात, गोल फिरतात आणि सगळा गोंधळ झाला असं वाटेपर्यंत कॉलर प्रत्येकाला बरोब्बर ज्याच्या त्याच्या माणसाजवळ, ज्याच्या त्याच्या जागी आणून सोडतो. एक जण जरी चुकला तरी आठही जण अडकून हात वर करून उभे. त्याला आम्ही ‘चौकोन फुटला’ म्हणतो.

हे ८९ साली पुण्याहून इथे गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले, मी दोन वर्षांनी आले. मी सोलापूरची. कुणाशी बोलायची सोय नाही, जर्मनचा गंध नाही. शेजारची बाई एकदा ह्या नाचाला घेऊन गेली आणि मी खूश झाले, कारण लेफ्ट आणि राइट एवढं इंग्रजी मला येत होतं. मग ह्यांनाही ओढत नेलं. दोन हिवाळे नाचले असतील नसतील, तेवढ्यात जुना कॉलर गाव सोडून गेला. क्लबात इंग्रजी बरं कुणाचं? हेर दिनकरचं, म्हणजे आमच्या ह्यांचं. दिला माइक हातात. तेव्हापासून दर बुधवारी हे वर आणि मी खाली. वीस वर्षं माझा नाचातला जोडीदार मान्फ्रेड, रिटायर्ड पोस्टमन, मनाने सोनं आणि हाताने थंडगार. हे घाईला आले की हाकांच्या मधे ‘चला चला चला’ म्हणतात. क्लबातल्या अर्ध्या लोकांना तो अमेरिकन शब्द वाटतो. मीही काही सांगितलं नाही कधी.

आता सिंहाची गोष्ट. आमच्या क्लबचा बॅनर मी शिवलाय. कपडे दुरुस्तीच्या दुकानात अठरा वर्षं मशीन चालवली, तेवढं येतं मला. हिरवं जाड कापड, त्यावर ब्राउनश्वाइगचा सिंह आणि त्याची आयाळ माझ्या इरकली साडीच्या लाल काठाची. ह्या नाचात एक रीत आहे. दुसऱ्या गावच्या क्लबातले पुरते आठ जण तुमच्याकडे आले आणि तुमच्या कॉलरचा एक अख्खा डाव चौकोन न फोडता नाचले, तर जाताना तुमचा बॅनर उचलून नेतात. राजरोस. तुम्ही टाळ्या वाजवायच्या. परत हवा असेल तर तुम्ही आठ जणांनी त्यांच्या गावी जायचं आणि तसंच नाचून दाखवायचं. आठाला एकही कमी चालत नाही. आणि चौकोनातून कुणी हाक दिली तर बाद. हाक फक्त कॉलरची.

२०१९ साली येना गावचे आठ जण आले. भिंगांच्या कारखान्यातले, युनिव्हर्सिटीतले. क्लबचं नाव लेन्स ट्विस्टर्स. आमचे हे त्या दिवशी रंगात होते. माइकवरून जाहीर केलं, “माझा सर्वांत अवघड डाव टाकतो, टिकलात तर बॅनर न्या आणि केकही न्या!” हात दाखवून अवलक्षण. ते टिकले. बॅनर नेला, केकही नेला. पुढच्या वसंतात जाऊन आणू म्हणता म्हणता कोरोना आला आणि मग काय सांगायचं. शेहेचाळीस माणसांचा क्लब. कुणी गेलं, कुणाचे गुडघे गेले, कुणी मुलांकडे राहायला गेलं. ह्या वर्षी उरलो नाचणारे मोजून आठ. अध्यक्षीण रेनाटे आणि तिचा नवरा युर्गेन, हायडी आणि उला ह्या दोघी बहिणी, इथल्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी शिवांगी आणि तनय ही आपली मराठी पोरं, मी आणि मान्फ्रेड.

सप्टेंबरात एका बुधवारी रेनाटेने नाच संपल्यावर कागद काढला. रेनाटे वाईट बाई नाही, पण तिला फाइल पूर्ण लागते. म्हणाली, “आल्झो, तर, नोव्हेंबरात फरझामलुंग, म्हणजे वर्षाची सभा आहे. ज्या क्लबकडे स्वतःचा बॅनर नाही आणि जो आठ जण घेऊन बाहेर जाऊ शकत नाही, तो क्लब फक्त कागदावर आहे. तोवर येनाहून सिंह आणला तर ठीक. नाहीतर मी क्लब बंद करायचा ठराव मांडणार.” वाद कसला घालणार? खरंच होतं ते.

घरी आल्यावर हे कोट न काढता स्वयंपाकघरात बसले. मी म्हटलं, “जेवायचं ना?” तर म्हणाले, “सुधा, मग मी बुधवारी काय करू?” एवढंच. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने मला कधी असा प्रश्न विचारला नव्हता. नोकरी संपली तेव्हाही नाही. मी आमटी गरम करत म्हटलं, “सिंह आणायचा. काय करू म्हणे!”

रेनाटेने येनाला फोन करून ऑक्टोबरातला रविवार ठरवला, दुपारी कॉफी-केक आणि नाच. आठ जण होतो, मोजून आठ, म्हणून मी रोज देवाला सांगत होते की बाबा रे, कुणाला शिंकही येऊ देऊ नकोस. शिंक आली नाही. गुरुवारी मान्फ्रेड सफरचंदं काढायला शिडीवर चढला आणि पाय मुरगळून खाली आला.

शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये सगळे तोंड पाडून बसलो. पुढचा रविवार येनाला जमत नव्हता, त्याच्या पुढच्या आठवड्यात फरझामलुंग. उला म्हणाली, आठवा आणायचा कुठून? मी बघितलं, सगळे जमिनीकडे बघत होते आणि हे स्टेजवर वायरी गुंडाळत होते. मी म्हटलं, “हे काय, आठवा तिथे उभाय.”

“कोण, मी?” ह्यांच्या हातातून वायर पडली.

“मग काय मी पोस्टमन आणू दुसरा? खाली या.”

“अगं, मी कॉलर आहे!”

“येनात त्यांचा कॉलर आहे. तुमचं तिथे काय काम आहे वर? खाली या म्हटलं ना.”

फ्रँकफर्टहून लेकीचा, कौमुदीचा, फोन आला तेव्हा तिला सांगितलं. आमची लेक मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्ये देते. ती किंचाळलीच, की बाबांना तर नाचताच येत नाही! मी म्हटलं, हो बाई, तेच तर शिकवतेय, ठेव आता.

तालीम सुरू केली. हाका द्यायला कुणी नाही, म्हणून तनयने ह्यांचंच जुनं रेकॉर्डिंग लावलं. म्हणजे स्पीकरमधून हेच हाका देतायत आणि खाली हेच नाचतायत. वाटलं, स्वतःच्या आवाजावर तरी धड नाचतील. कसलं काय! पहिल्या मिनिटात चौकोन फुटला. दुसऱ्यांदा फुटला. सहा वेळा फुटला. आवाज म्हणायचा थांबा, तोवर हे पलीकडे पोचलेले असायचे.

“फरशी घसरतेय,” हे म्हणाले.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मी म्हटलं.

शिवांगी हसू दाबत म्हणाली, “काका, फरशी नाही हो. तुम्ही दोन हाका पुढे असता.”

“मला पुढचं दिसतं ना!” हे वैतागले. आणि तेच खरं होतं, मला तेव्हा कळलं. कॉलर एक हाक देत असतो तेव्हा त्याच्या डोक्यात पुढच्या दोन चालू असतात. एकतीस वर्षं हा माणूस वरून आठ जणांकडे बघत आलाय. कोण कुठे आहे, कुठे जाणार, कुठे अडकणार, हे त्याला दिसतं. आपल्या दोन पायांकडे मात्र त्याचं लक्ष नव्हतं. आणि समोरून बघायची सवय, त्यामुळे आत शिरल्यावर डावं उजवं सगळं उलटं.

“पुढचं बघू नका,” मी म्हटलं. “कुणाकडेच बघू नका. फक्त माझ्याकडे बघा.”

“मग बाकीच्या सहा जणांकडे कोण बघणार?”

“त्यांचे त्यांना डोळे दिलेत देवाने. आणि तोंड बंद ठेवा. तिथे तुमच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला तर आपण बाद. लक्षात ठेवा.”

शनिवारी दिवसभर आमच्या दिवाणखान्यात टेबल बाजूला सारून मी त्यांना फिरवलं. दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाईंनी छताला झाडू ठोकला. संध्याकाळी एकदा, फक्त एकदा, हे पूर्ण डाव बरोबर नाचले. तेही समोर सहा खुर्च्या होत्या म्हणून. खुर्च्या चुकत नाहीत.

रविवारी सकाळी युर्गेनच्या नऊ सीटर गाडीत निघालो. मी धपाटे आणि शेंगाची चटणी घेतली होती. रस्त्यात थांबलो तेव्हा हायडीने चटणी चमच्याने खाल्ली आणि पाणी पाणी करत अर्धी बाटली संपवली. सगळे हसले, हे हसले नाहीत. खिडकीतून बाहेर बघत बोटांनी मांडीवर डाव मांडत होते. मी त्यांचा हात धरून ठेवला.

येनाचा हॉल उजेडाचा, मोठा. पाच-सहा चौकोन होतील इतकी माणसं, बायकांचे घेरदार स्कर्ट आणि खाली जाळीचे फुगीर परकर. मीही इरकलीचा घातला होता, काठ तोच, लाल. भिंतीवर सात गावांचे पळवलेले बॅनर ओळीने लटकवलेले आणि त्यांत मधोमध आमचा सिंह. सहा वर्षांनी दिसला. आयाळीवर धूळ बसली होती. मला इतका राग आला म्हणता! अरे, नेलात तर नेलात, निदान झटका तरी.

त्यांचा कॉलर लुट्झ हा जाडा, हसरा माणूस. ह्यांना खाली नाचणाऱ्यांत बघून त्याने कपाळाला हात लावला. “दिनकर! तू आणि नाचणार?” हे काही बोलले नाहीत. मी सांगून ठेवलं होतं ना, तोंड बंद. लुट्झने माइकवरून सगळ्यांना सांगितलं की हे ब्राउनश्वाइगचे आठ जण आहेत, सिंह न्यायला आलेत, एक डाव टिकले तर नेतील, आणि आज मी केकची पैज लावणार नाही. हॉल हसला. ह्यांचे कान लाल झाले.

संगीत सुरू झालं. जोडीदाराला वाकून नमस्कार, शेजारच्याला वाकून नमस्कार. पहिली दोन मिनिटं हे माझ्याकडे बघत राहिले आणि शहाण्यासारखे नाचले. एकदा पाऊल आधी उचललं, मी डोळे वटारले, त्यांनी खाली ठेवलं. तिसऱ्या मिनिटाला पलीकडचा येनाचाच चौकोन फुटला. मग त्याच्या शेजारचा. लुट्झ हसतोय आणि हाका एकेक अवघड होतायत. रेनाटेच्या कपाळावर घाम. मी मनात म्हणत होते, होतंय, होतंय, आता थोडंच राहिलं.

आणि चुकला तनय. चौघांनी आत जायचं, चौघांनी बाहेरून फिरायचं अशी हाक आली आणि तनय बाहेर जायचा तो आत शिरला. उला त्याला चुकवायला गेली आणि तीही भलतीकडे. आत पाच-सहा माणसं एकमेकांवर आदळणार, शिवांगीचा चेहरा पांढराफटक, रेनाटे थांबायच्या बेतात. संपलं, मला वाटलं.

तेवढ्यात ह्यांनी माझ्यावरची नजर काढली. मी सांगितलं होतं बघू नका, तरी काढली, आणि बरं झालं काढली. एक शब्द न बोलता तनयचा खांदा धरून त्याला अर्धा फिरवला. उलाला कोपराने पाऊलभर मागे सारलं. शिवांगीला नुसत्या हनुवटीने दाखवलं, तिथे. युर्गेनला भुवईने. दिवाणखान्यातल्या खुर्च्या सरकवाव्यात तशी चार ठोक्यांत माणसं जागच्या जागी लागली. दोन्ही रांगा सरळ. मी एकतीस वर्षं ह्यांना स्टेजवर बघितलं, पण हा माणूस काय ताकदीचा आहे ते मी त्या चार ठोक्यांत बघितलं.

पण रांगेत सात जण होते. आठवे हे. मधोमध उभे, हात खाली सोडून, मान वर करून स्टेजकडे बघत. सवय हो! सगळ्यांना जागा लावून दिली की आपलं काम झालं, अशी एकतीस वर्षांची सवय. आपणही ह्यातलेच एक आहोत, आपलीही एक जागा आहे, हे त्यांच्या गावीच नव्हतं. माझ्या डाव्या हाताला भोक पडल्यासारखी ती जागा रिकामी होती. मला हलता येत नव्हतं, मी हलले असते तर रांग मोडली असती. बोललं तर बाद. लुट्झ पुढच्या हाकेसाठी श्वास घेत होता.

मी ओरडले, “अहो!”

पूर्ण ताकदीने ओरडले. सोलापूरच्या वाड्यात मागल्या दारातून पुढच्या रस्त्यावर ऐकू जाईल असं. आणि हे वळले. पंचेचाळीस वर्षं ह्या एका हाकेला हा माणूस जिथे असेल तिथून वळत आलाय, मग ते पेपर वाचत असोत की झोपेत. त्यांना माझा पसरलेला हात दिसला, दोन ढांगांत आले आणि हातात हात दिला. त्याच क्षणी लुट्झची हाक आली आणि आम्ही आठही जण निघालो. डावा हात शेजाऱ्याला, मग उजवा पुढच्याला, डावा त्याच्या पुढच्याला, चौकोन गोल फिरतोय, एकेक चेहरा येतोय आणि जातोय, आणि समोरून हे आले. माझे. दोन्ही हात धरले आणि जागी पोचलो. संगीत थांबलं. हॉलमध्ये न फुटलेला चौकोन एकच होता, आमचा.

काय टाळ्या पडल्या! येनाचे लोक पाय आपटत होते. तनय ह्यांच्या गळ्यातच पडला, “काका, सॉरी, सॉरी!” हायडी आणि उला रडत होत्या. तेवढ्यात लुट्झ खाली आला, मुद्दाम चेहरा गंभीर करून. “एक मिनिट. चौकोनातून एक हाक ऐकू आली. ‘अहो’. ही कुठली हाक?”

रेनाटे पुढे झाली. मी म्हटलं ना, तिला फाइल पूर्ण लागते. तिने पर्समधून हाकांची छापील यादी काढली, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाली, “ह्या यादीत अशी हाक नाही. म्हणजे ती हाक नाही. बाईने नवऱ्याला बोलावलं.”

“गेनाऊ, अगदी तेच,” मी म्हटलं.

लुट्झ इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. मग स्वतः स्टुलावर चढून त्याने सिंह काढला, झटकला आणि ह्यांच्या खांद्यावर शालीसारखा घातला. हे त्या लाल काठावरून नुसता हात फिरवत राहिले. रेनाटे जवळ आली, तिने सिंहाची सुरकुती सरळ केली आणि म्हणाली, “दिनकर, ठराव मी मांडत नाही. बुधवारी साडेसातला ये, वेळेवर.” ह्यांनी मान हलवली. डोळे वाहत होते, आणि सगळ्यांसमोर पुसायचीसुद्धा लाज वाटली नाही त्यांना. मला जग जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू?

कॉफी झाली. मग लुट्झने माइक आणून ह्यांच्यापुढे धरला. पाहुण्या कॉलरला एक डाव देणं हा आमच्यात मोठा मान. सगळा हॉल ‘दिनकर, दिनकर’ करायला लागला. ह्यांचा हात माइककडे गेलाच होता. मला वाटलं, झालं, निघाले वर, आणि मी मुकाट्याने जोडीदार शोधायला वळले.

“नंतर,” हे लुट्झला म्हणाले. “हा डाव तू दे. मला माझ्या बायकोबरोबर नाचायचंय.”

मी वळून बघितलं तर हात पुढे करून उभे. खांद्यावर सिंह तसाच. मला हुंदकाच आला, सदुसष्टाव्या वर्षी, परक्या गावात, भर हॉलमध्ये. “अहो, तो बॅनर तरी काढून ठेवा,” मी म्हटलं. नाही काढला. तसेच उभे राहिलो. पहिल्याच वळणावर हे दोन हाका पुढे गेले, युर्गेनला धडकले, सिंह उलाच्या डोक्यावर गेला आणि चौकोन धाडकन फुटला. आठही जण हात वर करून पोट दुखेस्तोवर हसलो, मग ह्यांनी माझा हात घट्ट धरला आणि लुट्झला ओरडून सांगितलं, पुन्हा पहिल्यापासून.